गरम पाण्याची परवानगी

३ जून

चि. चिऊ हिस,
अ. उ. आ.

इकडे सगळे क्षेम. तुझी तिकडच्या पालिकेतली बढती कळल्यापासून आई दारावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, की तिच्या मुलीच्या सहीशिवाय त्या शहरात भिंत उभी राहत नाही. मी म्हटलं, भिंतीचं माहीत नाही, एखादं कुंपण राहत असेल.

आता मुद्द्याचं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं, पण पाय अजून उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, कोमट पाण्यात व्यायाम हवा. जन्मभर तलावावर मुलींना पोहायला शिकवणारी आपली आई दिवसभर वॉकरशेजारी खुर्चीत बसते, आणि चक्क बोलत नाही! म्हणून मी हॉट टब घेतला. गच्चीवर बसवतोय. भोवतीचा लाकडी ओटा मी स्वतः केलाय. सुतार मी आहे म्हणून सांगत नाही, पण त्यात सांधा शोधून दाखव.

पालिकेची परवानगी लागते म्हणे. इथला अधिकारी तुझ्याच बरोबर भरती झालेला आहे. तू एक फोन केलास, तर पुढच्या आठवड्यात आई पाण्यात.

माया आहेच, फोनही असावा.
दादा

९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन करणार नाही. रागावशील, माहीत आहे, तरी पुढचं वाच.

रिकामा टब दोघे उचलतात. पण तो पाण्याने भरला आणि आत माणसं बसली, की गच्चीवर भरलेला टेम्पो चढवल्यासारखं होतं. आधी इंजिनिअरला स्लॅब दाखव. विजेची लाइन वेगळी घे, आणि करंट गळताच वीज तोडणारा ब्रेकर बसव. बंद करायचं बटण टबातून दिसायला हवं, पण पाण्यात बसून हात पोचता कामा नये. झाकणाला कुलूप आणि भोवती आपोआप मिटणारं फाटक हवं. पाणी किती गरम चालेल ते आईच्या डॉक्टरांना विचार, आणि तिला टबात एकटी कधीच सोडू नकोस.

इकडे परक्यांच्या आयांसाठी मी हे सगळं अडून बसून करून घेते. माझ्याच आईला त्याहून कमी जपू?

ओटा सुरेख असणार. तुझं काम मला न बघता माहीत आहे.

राग ओसरला की लिही.
चिऊ

१५ जून

चि. चिऊ,
अ. आ.

पत्र पोचलं. बहीण मागितली होती, तपासनीस मिळाली.

रांगेत उभं राहून अर्ज केला. आई विचारते, टब कधी. मी सांगितलं, तुझ्या लेकीला विचार.

लोभ वाढवायचा असल्यास वेगळा अर्ज लागेल का, ते कळवणे.
दादा (अर्जदार)

२ जुलै

चि. चिऊस,
आईचे अनेक आशीर्वाद.

दादा लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. इंजिनिअर येऊन गेला. त्याने माझ्या खोलीतलं छत ठोकून पाहिलं, तर एका जागी प्लास्टर सुटून खाली आलं. आतली सळई गंजून पोपडे धरलेली. टब बरोबर त्याच्या वर यायचा होता, आणि खाली माझी कॉट. दादाने छताकडे पाहिलं. मग माझी कॉट त्याने स्वतः ओढत बाहेरच्या खोलीत नेली.

दुसऱ्या दिवसापासून परसातलं वर्कशॉप रिकामं करायला लागलाय. टब तिथे जमिनीवर बसणार. ओटा सोडवून खाली आणला. त्याची रंधे-करवती आता पुढच्या अरुंद व्हरांड्यात आहेत, आणि तिथे अंग चोरून काम करतो. मी नको म्हटलं, तर म्हणतो, लाकूड कुठेही तासता येतं.

तुझ्यावर तो रागावलेला नाही. काल गिऱ्हाइकाला सांगत होता, की माझी बहीण सख्ख्या भावालाही सूट देत नाही. छाती अशी फुगवून, की मला हसू आलं.

जपून राहा.
आई

८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईकडून सगळं कळलं. ते वर्कशॉप उभं करायला तुला किती वर्षं लागली, हे मी पाहिलंय. छताची दुरुस्ती आधी उरक. बाकी काही लिहायला शब्द नाहीत, आणि तुला तर माहीत आहे, मला शब्द कमी पडत नाहीत. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ असा आहे.

अशीच टोमणे मारणारी माया ठेव.
चिऊ

२९ जुलै

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवानगी मिळाली! पहिल्या खेपेला अधिकाऱ्याने नापास केलं. फाटक आपोआप मिटत नव्हतं. मला वाटलं, आता दादा भांडणार. त्याने मुकाट्याने स्प्रिंग आणून बसवली, आणि पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला अधिकाऱ्याने ब्रेकरचं बटण दाबून वीज खटकन तुटते का पाहिलं, झाकणाचं कुलूप ओढून पाहिलं आणि सही केली. जाताना ओट्यावरून हात फिरवत विचारलं, सांधे कुठे आहेत. दादाने सांगितलं नाही.

मग मी उतरले. पोरी, पाण्यात गेल्याबरोबर पाय माझा झाला. अगदी हलका. मी तो उचलला, पुन्हा उचलला, आणि रडले थोडी.

मला एकटीला सोडायचं नाही, म्हणून दादाही उतरला. तुला आठवतं ना, पोहणं शिकवणाऱ्या बाईंचा हा मुलगा लहानपणी गटांगळी खाल्ल्यापासून कधी तलावाच्या काठालाही आला नाही. मी शेकडो मुली तरंगवल्या, आणि हा एकच माझ्या हाती लागला नव्हता. पाणी छातीपर्यंत आलं तसा पांढराफटक पडला. मला धरायला म्हणून उतरला होता, आणि मीच त्याला धरून बसले. म्हटलं, श्वास सोड, पाण्यावर भार टाक, मी आहे.

हळूहळू त्याने काठ सोडला.

दोघा लेकरांवर जीव ओवाळून टाकणारी,
आई