पंगतीतला अठरावा

डोंबिवली, ता. ६ डिसेंबर १९५४

ती. सौ. ताईस,

आनंदचा साष्टांग नमस्कार. ठाण्याला सर्वांच्या प्रकृती ठीक असाव्यात. भाऊजींच्या दम्याने थंडीत उचल खाल्ली असेलच (खाल्ली नसली तर खाईल, घाई नको). आमच्याकडे क्षेम आहे, म्हणजे जे बिघडायचं ते अजून पुरतं बिघडलेलं नाही.

तुझ्या भावजयीच्या, सरोजच्या, वेणीची एक बट कापलेली का, असं तू कार्डात विचारलं आहेस. त्याला कारण माश्या. कॉलेजात मी मुलांना बेडूक फाडायला शिकवतो हे तुला ठाऊक आहेच, पण एम.एस्सी. पदरात पडायची तर स्वतःचंही काही शोधावं लागतं. आमच्या प्राध्यापकांनी मला नांगी नसलेली मधमाशी नेमून दिली (नांगीवाली दुसऱ्याला मिळाली, माझं नशीब ते). ही माशी तिळाएवढी, भिंतीच्या भोकात डिंक आणि मेण कालवून घर करते. आईबापांचे गुण पोरांत ज्या दोऱ्यांवरून उतरतात, ती रंगसूत्रं तिच्या पेशीत किती, एवढंच मोजायचं. मानपाड्याच्या पंढरीच्या गोठ्यात तिचं घर मिळालं. भिंत फोडताना त्याची आई आवडाबाई जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मास्तर, जी चावं नाय, तिला मोजून काय करशाल?" मी भिंत फोडत राहिलो.

माश्यांचं घर घासलेटच्या रिकाम्या डब्यात घालून मागच्या गॅलरीत ठेवलं. ही माशी डंख करत नाही हे खरं, पण ती केसांत शिरते आणि डिंकाच्या पायांनी तिथेच चिकटून बसते. सरोजची बट अशी गेली. शेजारच्या सखुबाईंनी दाराला नवं रोगण दिलं होतं, ते ओलं असतानाच माश्यांनी खरवडून आमच्या डब्यात आणलं. तेव्हापासून सखुबाई सरोजशी बोलत नाहीत, माझ्याशी मात्र फार बोलतात.

आता मोजणी. कोवळ्या नराच्या अंगातला एक अवयव काढायचा (कोणता, ते थोरल्या बहिणीला लिहिणं बरं नव्हे), तांबड्या रंगात भिजवायचा, काचेखाली अंगठ्याने दाबायचा आणि कॉलेजातून मागून आणलेल्या सूक्ष्मदर्शकात पाहायचं. तिथे सगळी दाटीवाटी. एकच दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मी प्रत्येकाला घरातल्या माणसाचं नाव दिलं आणि पंगत बसवली. सगळ्यांत लांब ते आजोबा, वाकडी ती यमूआत्या, मधोमध पसरलेली तू (रागावू नकोस, वीस वर्षांपूर्वीची तू). सगळ्यांत शेवटी, कडेला एकटाच एक बारीक काळा ठिपका, त्याला अण्णांचं नाव दिलं (वडिलांचं नाव ठिपक्याला, पण तेवढंच उरलं होतं). शेवटच्या वर्षांत अण्णांचाही पाट असा कडेलाच मांडलेला असायचा. मोजले तर अठरा. प्राध्यापक हरखले, कारण ब्राझीलच्या माश्यांत कोणाला नऊ सापडलेत, कोणाला अठरा, आणि नवाची दुप्पट अठरा होते हा हिशेब त्यांना फार आवडतो. निबंध लगोलग छापायला गेला.

मग सरोजने सहज भिंगाला डोळा लावला. पंगत मीच तिला शिकवली होती. तिने दोनदा मोजलं आणि म्हणाली, "सतराच आहेत. अण्णा नाहीत." मी भिंगाखालची काच हळूहळू फिरवून पाहिली. आजोबा फिरले, आत्या फिरली, तू फिरलीस, सगळी पंगत फिरली. अण्णा जागचे हलले नाहीत. म्हणजे घाण भिंगावर. सबब तुझ्याकडे जुनी मऊ मलमल असली तर भिंग पुसायला पाठव, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

तुझा,
आनंद

ता. क. मलमल नको. माझ्या धोतराच्या सोग्याने भिंग पुसलं, मग सगळं भिंगच काढून फिरवलं. अण्णा तिथेच.

ता. क. दुसरा. आज डावा डोळा लावून पाहिलं. सतरा. उजव्याने अठरा. आता सूक्ष्मदर्शक लागत नाही, हे पत्र लिहितानाही कागदावर अण्णा आहेत. छापखान्याला तार करून सतरा करायला सांगितलं. प्राध्यापक बोलत नाहीत, तेवढं बरं.

ता. क. तिसरा. या माश्यांत नराला बाप नसतो. आई नुसतं अंडं घालते, त्यातून तो होतो, बापाकडून त्याच्यात काही म्हणजे काही उतरत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. अण्णा जेवताना हाताने माशी हाकलत, पानावर माशी नसे, आणि आपण दोघं हसत असू. ती माशी त्यांना आधी कोणत्या डोळ्यात दिसली? आणि त्यानंतर किती वर्षांनी तू त्यांना हात धरून देवळात न्यायला लागलीस? मी तेव्हा लहान होतो, तुला आठवत असेल. मला भीती वाटते, ताई. सरोजला भिंग खराब आहे एवढंच सांगितलं आहे. कार्ड पाठवू नकोस, कार्डं ती वाचते. पाकीट पाठव. आणि अक्षर नेहमीएवढंच काढ, माझ्यासाठी मोठं काढू नकोस.