भुंगीची दाढ

३ फेब्रुवारी

चि. टकळीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसते हुंकार भरतो, म्हणून पत्र. इथे तरी तुला मला मधेच तोडता येणार नाही.

काम तुझ्या धंद्यातलं आहे आणि माझ्याही. आपल्या भुंगीची खालची डावी दाढ किडली आहे. घराच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना, आजोबा दातांचे डॉक्टर, आणि सख्ख्या नातीच्या तोंडात कीड! गावाला काय तोंड दाखवू? ती उजव्याच बाजूने चावते म्हणून मला शंका आली होती. परवा उताणी पडून गुणगुणत होती तेव्हा हळूच डोकावलो, तर भोक चांगलंच दिसलं. दुधाची दाढ असली तरी पडायला अजून काही वर्षं आहेत. आत्ता भरली तर वाचेल. कीड मुळापर्यंत गेली की मोठ्या हॉस्पिटलात नेऊन पूर्ण भूल द्यावी लागेल, आणि ते ऐकल्यापासून तुझ्या वहिनीच्या तोंडचं पाणी पळालंय.

मंगळवारी तिला माझ्या खुर्चीत बसवायला गेलो. अशी किंचाळली की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले. माझ्या अंगठ्याला कडकडून चावली. चावा मात्र उत्तम हो, वरचे-खालचे दात अगदी नीट जुळतात.

सहा वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही, तेव्हा समजावून तरी काय सांगणार? म्हणून मी ठरवलंय की पुढच्या आठवड्यातल्या रविवारी तिचा बाप, म्हणजे तुझा दादा, पाय धरेल, सूनबाई डोकं, माझी मदतनीस हात, आणि मी पाच मिनिटांत उरकून टाकीन. ऑटिझम असलेल्या मुलांबरोबरच तुझं सगळं काम, म्हणून तुझं मत विचारतो. ‘हो’ असेल तर लगेच कळव, ‘नाही’ असेल तर सावकाश कळवलंस तरी चालेल.

मामी ठणठणीत आहे आणि तुझ्या लग्नाचं विचारते आहे. मी विचारत नाही, याची नोंद घेऊन माझ्यावर जास्त माया असू दे.

तुझा,
मामा

६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

‘नाही’. बघा, लगेच कळवलं!

मामा, रागावू नका, पण पत्र वाचून मी जागच्या जागी उभी राहिले. पाच मिनिटांत दाढ भराल हो. पण तिला अख्खं आयुष्य दात राहणार आहेत आणि प्रत्येक दाताला चौघं कुठून आणणार? शिवाय हात तुमचे असतील. रोज संध्याकाळी आपणहून तुमच्या मांडीवर येऊन बसते ना ती? सोमवारी येईल? मला तर दाढेपेक्षा त्याचीच धास्ती वाटते.

ती बोलत नाही म्हणजे सांगत नाही असं कुठे आहे? किंचाळून सांगितलं, चावून सांगितलं. काय सांगितलं, ते आपल्याला कळलं नाही एवढंच. आमच्या कामाचा सगळा पाया हाच आहे की वागण्यामागे कारण असतं. कारण सापडेपर्यंत हात लावायचा नाही. तुम्ही पेशंटला विचारताच की, गार लागलं की दुखतं का गरम, रात्री दुखतं का चावताना. आणि नातीच्या वेळी एकदम धरपकड?

तर आता मी विचारते. किंचाळण्याच्या अगदी आधी काय झालं? मशीनचा आवाज? दिवा? तोंडावरचा मास्क? वास? आणि किंचाळल्यावर लगेच काय झालं? दुसऱ्या कुठल्या जागी ती असंच करते का? दुसऱ्याला नका विचारू, स्वतः बघा. आणि ही दाढ खरोखर किती दिवस थांबेल, तेही खरं सांगा.

मामीला सांगा, जावई शोधताना दात तुम्हीच तपासणार आहात, म्हणून वेळ लागतोय.

रागावलात तरी चालेल, दुरावू नका.
तुमची,
टकळी

१९ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यावर एक जादा.

सापडलं! अगं सापडलं! दुकानातून आलोय आणि चपलासुद्धा न काढता लिहायला बसलोय.

आधी मी आवाजाच्या मागे लागलो होतो. पण ही पोरगी वॉशिंग मशीनला कान लावून बसते, मिक्सर लागला की धावत येते. आवाज नाही. मग मास्क घालून घरभर हिंडलो. मामीने दार उघडून मला परत बाहेर काढलं, भुंगीने ढुंकूनही पाहिलं नाही. वासही नाही, माझे कपडे ती रोज हुंगते.

आज तिला बूट घ्यायला गेलो. दुकानदाराने उचलून उंच बाकावर ठेवली आणि झाला तोच आरडाओरडा! मी घाईघाईने खाली घेतली. पाय जमिनीला लागले आणि गप्प. अगदी नळ बंद करावा तशी गप्प. मग बुटक्या स्टुलावर बसवली तर चार जोड घालून पाहिले तिने, निवांत. टकळे, तिचे पाय अधांतरी झालेले तिला खपत नाहीत! माझी खुर्ची आधी उंच जाते आणि मग मागे झुकते. म्हणजे मी तिला दोनदा घाबरवत होतो, तेही मोठ्या प्रेमाने.

आता खुर्ची बाद. ती स्टुलावर बसेल आणि मी तिच्यापुढे फरशीवर. मशीनही नको, चमच्यासारखं छोटं हत्यार असतं, त्याने किडलेला भाग हाताने खरवडून सिमेंट भरता येतं. दाढ महिनाभर थांबेल, त्यापुढे मी शब्द देत नाही.

एक मात्र बिनसलंय. आवडीची गोष्ट बक्षीस म्हणून द्यायची असं तूच कधीतरी म्हणाली होतीस. म्हणून मी वॉशिंग मशीनच्या खोलीला कुलूप घातलं. आ कर, मग उघडतो, असं आरशापुढे करून दाखवलं. तर ती दाराशी बसून रडली आणि आता मी दिसलो की पाठ फिरवते. हे काय झालं?

उत्तर धाड. तुझ्यावरचा राग गेला, लोभ होता तिथेच आहे.
मामा

२२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आमच्या सेंटरमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या मोठ्या बाई, ज्या कधी कुणाला बरं म्हणत नाहीत, त्या म्हणाल्या की या गृहस्थांना नोकरी करायची असेल तर पाठवून दे. मी तर टेबलावर ताल धरला!

आणि आता रागवायची पाळी माझी. कुलूप आधी काढा, पत्र नंतर वाचा.

काढलंत? मामा, जे तिचं आहेच ते हिसकावून पुन्हा बक्षीस म्हणून देणं म्हणजे तिचा जीव ओलीस ठेवणं झालं. मशीन तिला कधीही बघू द्या. तुम्ही तिच्याशेजारी जाऊन बसा, काही मागू नका. तुम्ही आलात की काहीतरी चांगलंच होतं, एवढं तिला पुन्हा वाटू द्या. जास्तीचं काही द्यायचं असेल तर नवीन आणा. फिरणारं काहीही चालेल.

आता मुख्य काम. तिला ‘थांब’ म्हणता आलं पाहिजे. तोंडात हत्यार असताना चालेल असं ‘थांब’ हवं. म्हणून तिने समोरच्याच्या मनगटावर तळवा ठेवायचा, की समोरच्याने हातातलं काम त्या क्षणी सोडायचं. केस विंचरताना, नखं कापताना, तोंड पुसताना तिचा हात हलकेच धरून मनगटावर ठेवायला दाखवा आणि लगेच थांबा. घरातल्या प्रत्येकाने. कारण विचारायचं नाही, चेहरा वाकडा करायचा नाही. ती चावली कारण तिचं ‘नको’ ऐकायला कुणाला सवड नव्हती. आधी ते ऐकलं जाऊ दे.

दादा म्हणेल की अशाने ती डोक्यावर बसेल. म्हणू द्या. त्याच्याही मनगटावर तळवा ठेवा.

मला कळवत राहा, नाहीतर मी येऊन धडकेन. माया आहेच, फक्त कुलपात ठेवू नका.
टकळी

१२ मार्च

चि. टकळीस,
आशीर्वाद.

घरात राज्य बदललंय. तुझी मामी शेजारणीला तिच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होती, हातवारे करून. भुंगी आली आणि मनगटावर तळवा! मामीला ऐन रंगात थांबावं लागलं. मी हसलो, तर माझ्या वर्तमानपत्रावर गदा आली. सूनबाई तिची निम्मी वेणी घालून उभी राहते आणि वाट बघते. पहिल्या आठवड्यात पोर रोज अर्ध्या वेणीनेच हिंडली.

पण ऐक. आता ती अख्खी वेणी घालू देते! मधे एकदा थांबवते, आपण थांबतो, ती खात्री करून घेतल्यासारखी बघते आणि डोकं पुन्हा पुढे करते. विंचरताना आधी रोज रडारड होती, हे तुला ठाऊकच आहे. सूनबाईने मला बोलावून दाखवलं आणि तिथेच मला मिठी मारली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, मी तर गांगरलोच.

कुलूप काढलं होतंच. रोज तिच्याशेजारी बसून धुणं बघतो. मांडीवर यायला लागली आहे. फरशीवर बसून आरसा, हातमोजा, कापूस, सगळं थोडं थोडं करून झालं. बोट दाढेपर्यंत जातं.

काळजी एकच. दाढ काळी पडत चालली आहे आणि तुझ्या दादाचा धीर सुटलाय. रविवारी भरा, नाहीतर सोमवारी मी हॉस्पिटलची वेळ घेतो, असं त्याने मला स्पष्ट सांगितलं. बाप आहे तो, त्याचं चुकत नाही. माझी अडचण वेगळी आहे. सिमेंट घातलं की ते घट्ट होईपर्यंत बोटाने दाबून धरावं लागतं. मधे बोट काढलं की सगळं फुकट. आणि नेमका तेव्हाच तिने तळवा ठेवला तर? एवढी एक वेळ न थांबता चालेल का? तू ‘हो’ म्हण गं.

मामा

१५ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

या वेळचं ‘नाही’ मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय, कारण दाढ गेली तर दोष माझ्याकडे येईल आणि तो मी घेईन. पण त्याच वेळी थांबावं लागेल, मामा. एरवी थांबणं सोपं असतं. आपलं नुकसान होत असताना मोठी माणसं थांबतात का, तेच तर तिला बघायचं असणार.

सिमेंट जास्तीचं आणून ठेवा. दादाला मी फोन करते. रविवारी माझं कशात लक्ष लागणार नाही.

जीव तुमच्याकडे ठेवून,
टकळी

१८ मार्च, रविवार

चि. टकळीस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आणि जेवढे मागशील तेवढे!

आधीच सांगून टाकतो, दाढ भरली. आता नीट ऐक.

ती स्टुलावर, पाय फरशीवर घट्ट. मी समोर मांडी घालून, मदतनीस शेजारी. तुझा दादा दाराशी, सूनबाई त्याच्या मागे. खरवडताना तिने बऱ्याचदा थांबवलं, दर वेळी मी हात बाहेर काढला, दर वेळी तिने पुन्हा आ केला. मला वाटलं, जिंकलो. सिमेंट कालवलं, भरलं, बोट दाबलं. आणि मनगटावर तळवा आला.

दादा दारातून ओरडला की बाबा, आता काढू नका, झालंच आहे! खोटं कशाला बोलू, माझं बोट निघेना. सगळी हयात हेच शिकलेलं बोट आहे ते, सिमेंट ओलं असताना हलायचं नसतं त्याला. तिचे डोळे माझ्यावर होते. काढलं गं. सिमेंट बोटाला चिकटून बाहेर आलं, उरलेलं तिने थुंकलं.

दुसऱ्यांदा कालवलं. भरलं, बोट ठेवतो न ठेवतो तोच तळवा. या वेळी तिला काही होत नव्हतं, मला शपथेवर सांगता येईल. ती नुसती बघत होती. पुन्हा काढलं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सूनबाईने त्याचा हात धरून ठेवला होता.

तिसऱ्यांदा कालवताना ती वाकून बघत बसली. सिमेंट गोल गोल फिरतं ना, ते तिला आवडलं असावं. दाढेत भरलं आणि बोट जवळ नेलं, पण दाबायचा धीरच होईना. तोंडाशी अडून बसलो. तेव्हा भुंगीने माझं बोट दोन्ही हातांनी धरलं, स्वतःच आत नेलं आणि दाढेवर ठेवून दाबून धरलं.

तिने दाबलं, टकळे, मी नाही! मला ती जागासुद्धा दाखवावी लागली नाही. तळवा मनगटावर आलाच नाही, दोन्ही हात माझ्या बोटाभोवती होते. आणि मग ती गुणगुणायला लागली. तिचं ते गुणगुणणं दाढेतून माझ्या बोटात आणि बोटातून थेट कोपरापर्यंत येत होतं. सिमेंट केव्हाच घट्ट झालं होतं. मदतनीस दोनदा म्हणाली, डॉक्टर, झालं. पण ती सोडत नव्हती आणि मीही बोट काढलं नाही. तिचं संपेपर्यंत तसाच बसून राहिलो.

आजवर किती माणसांनी माझ्यापुढे तोंड उघडलं असेल, पण सगळ्यांनी नाइलाजाने. मला आत बोलावलं ते फक्त हिने.

आता डोळ्यांना नीट दिसत नाहीये, म्हणून पुरे करतो. अशीच ‘नाही’ म्हणत राहा, आणि मामाला तुझा म्हणत राहा.

तुझा,
मामा