मोनालीनं बसवलेली बेरिंग

मोनाली बाई,

तुह्या आईचे टाके काढायले तिले मोटरसायकलवर यवतमाळले नेऊन राह्यलो. आटोवाल्याले नाही म्हटलं.

काल मागच्या चाकासाठी म्या आणलेली बेरिंग तू बोटावर फिरवून पाह्यली आन् म्हणली, "बाबा, हे खरखरते, वापस करा." म्या चिडून म्हटलं, "हे पोरीचं काम नोहे." तरी तू सीलवाली बेरिंग आणली, हब गरम करून नीट बसवली.

सकाळी बाभुळगावपर्यंत जाऊन आलो. चाक जराही डुललं नाही. तिथल्या मिस्त्रीनं हलवून पाह्यलं आन् इचारलं, "कोण्या कारागिरानं बसवली?" म्या तुहं नाव सांगतलं.

तुह्या तोंडावर सांगायले जमलं नाही, म्हणून लिहून ठेवलं.

बाबा