चंद्रभागेच्या अकरा म्हशी

॥ श्री ॥
पुणे, १८ फेब्रुवारी १९९६

ती. आईस,
अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. चुलीवर काही असेल तर उतरव, नाहीतर करपेल आणि शिव्या मला बसतील.

मी सध्या ज्यांच्या ट्रंका उपसते आहे ते डॉ. नेवरेकर तुला सांगितले होते ना? तिबेटी, बर्मी, चिनी अशा आठ-दहा भाषा जाणणारे, दोन वर्षांपूर्वी वारले आणि घरच्यांनी सगळे कागद आमच्या संस्थेला दिले. जपानपासून हॉलंडपर्यंतच्या पंडितांची पत्रं आहेत, आणि तेवढीच कागद खाणारी कसर. एकेक कागद पुसायचा, वाचायचा, त्याची नोंद करायची, हे माझं काम. काल एका वहीवर चक्क पोलादपूर लिहिलेलं दिसलं! हे गृहस्थ १९५१च्या डिसेंबरात उमरठच्या वरच्या वाड्यांमधून गुराढोरांचे शब्द गोळा करत फिरले होते. आणि एका पानावर लिहिलंय: चंद्रभागा, वय वीस-बावीस. नवऱ्याचं नाव विचारलं तर पदर तोंडाला लावून हसली, काही केल्या सांगेना. म्हशींची नावं मात्र एका दमात सांगितली.

आई, ही आपली आजी असेल का गं? नाव तेच, वाडीही उमरठच्या वरचीच. तुझ्याकडे तिचा फोटो नाही, लुगड्याचा तुकडासुद्धा नाही. तिच्याबद्दल तू आजवर एकच गोष्ट सांगितलीस, की तिला मुलगी नको होती म्हणून तिनं तुला दीड वर्षाची असताना तुडीलला मावशीच्या पदरात टाकलं. मला ते कधी पटलं नाही, पण माझ्या पटण्याला विचारतो कोण!

अडचण अशी, की वाडीचं नाव लिहिलेलं नाही आणि चंद्रभागा काय, वाडीगणिक एक असेल. आमचे सर म्हणतात, नुसत्या पहिल्या नावावर ओळख ठरत नाही; पुरावा नसेल तर यादीत ‘अनामिक स्त्री’ असंच छापायचं. यादी मार्चअखेर छापायला जाते. म्हशींची नावं मी तुला मुद्दाम कळवत नाही. ती तिकडून आली तरच पुरावा. आजीचे दीर, आबाजीकाका, तेव्हा घरची गुरं राखायचे ना? त्यांना गाठ.

बाबांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे, रागावलीस तरी.

तुझी,
अनुपमा

॥ श्री ॥
तुडील, ता. महाड, २८ फेब्रुवारी १९९६

चि. अनुपमास,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. चुलीवर डाळ होती, ती करपलीच. तुला माहीत हाय ना गो, साक्षरतेच्या वर्गात शिकलेली बाई मी, जोडाक्षर आलं की अडते. उतरव म्हणून लिहिलंस ते वाचेपर्यंत धूर झाला. तुझे बाबा तीच डाळ गुमान जेवले.

खरं लिहिते, दोन दिवस मी जागची हलले नाय. जिनं मला टाकलं तिचा माग मी कशाला काढू? मावशीनं मला दूध-भात घातला, माझं लगीन लावलं, तीच माझी आई. पण चंद्रभागा हे नाव काय डोक्यातून जाईना. भांडी घासताना तेच, भात निवडताना तेच. तिसऱ्या दिवशी यष्टीत बसले, पोलादपूरला उतरले, तिथून उमरठ आणि मग वरचा चढ. गुडघ्याचं तू विचारूच नकोस.

आबाजीकाकांनी साठी ओलांडली. सुनेचं नाव ललिता, तिला मीना बोलून हाक मारतात आणि ती बिचारी ओ देते. पण म्हशींचं विचारलं मात्र, म्हातारा ताठ बसला! सकाळी गोठ्यातून ज्या रांगेनं सुटायच्या त्याच रांगेनं सांगतो म्हणाले: चांदरी, मोरी, भुंडी, हरणी, काजळी, बिजली, लाडी, रतनी, शिंगाळी, आणि शेवटाला लंगडत येणारी कोसली. दहा. मी दोनदा वदवून घेतलं, एक नाव इकडचं तिकडं नाय.

जुळलं तर कळव, नाय जुळलं तरी कळव. मला काय त्याचं, पण कळव. वेळेवर जेव आणि आईला विसरू नको.

तुझी आई,
प्रयागबाई

॥ श्री ॥
पुणे, ७ मार्च १९९६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

जुळलं! आई, जुळलं! चांदरी, मोरी, भुंडी, सगळ्या त्याच रांगेनं! मी वाचनालयात अशी ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या एका जाड भिंगाच्या पंडितांनी पेनच खाली टाकलं. सरांना तुझं पत्र दाखवलं, तेही खुर्चीतून उठले. काकांना माझ्याकडून पेढे दे.

पण एक गाठ राहिली. वहीत नावं अकरा आहेत. कोसलीनंतर अकरावी मैनी. आणि तिच्यापुढे डॉक्टरांनी लिहिलंय, की ही सर्वांत लाडकी; कुणी सोन्यानं तोलून मागितली तरी हिला देणार नाही, असं बाई म्हणाली. सर म्हणतात, सगळ्यांत लाडकी म्हैसच राखणारा कसा विसरेल? तेवढं एकदा काकांना विचारून ये ना. मला ठाऊक आहे, चढ आहे, गुडघा आहे. पण आता एका म्हशीसाठी आजी हातची जाऊ द्यायची का?

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
अनुपमा

॥ श्री ॥
तुडील, २२ मार्च १९९६

चि. अनुपमास,
अ. आ.

परवा वीस तारखेला निघाले. चवदार तळ्यावर माणसांचा पूर आलेला, महाडला यष्टीत पाय ठेवायला जागा नाय. वर पोचेपर्यंत दुपार टळली.

काकांना विचारलं, मैनी कुठली म्हैस? ते आधी हसले, हसता हसता खोकले, मग डोळे पुसायला लागले. मैनी म्हैस नव्हतीच म्हणाले. वहिनी तुलाच मैनी म्हणायची, फक्त तीच, दुसरं कोण नाय. तो पुण्याचा माणूस अंगणात खाली मान घालून लिहीत होता. आईनं दहा म्हशी सांगितल्या आणि मांडीवर मी होते, माझ्या डोक्यावर हात ठेवून अकरावं नाव माझं सांगितलं. त्यानं वर बघितलंच नाय, घातली मला म्हशींत!

मग मी विचारलं, एवढी लाडकी तर दिली का? काकांनी सांगितलं. पुढच्या शिमग्याच्या आधी आईच्या खोकल्यात रक्त दिसलं. लेकराला लागू नये म्हणून तिनंच मावशीला सांगावा धाडला. मावशी मला घेऊन उतरली तेव्हा आई चढाच्या टोकावर उभी होती, आम्ही दिसेनासे झालो तरी उभी होती. काकांनी तिला हाताला धरून घरात नेलं. पावसाळा तिनं बघितला नाय. त्या रोगाचं नाव निघालं असतं तर माझी सोयरीक जमली नसती, म्हणून घरानं तोंड शिवलं, आणि मुलगी नको होती ही गोष्ट पसरली ती पसरली. मावशीनंही मरेपर्यंत सांगितलं नाय. चव्वेचाळीस वर्षं गो. चव्वेचाळीस वर्षं मी तिच्यावर रुसून होते.

मी तिथंच बसून रडले. ललितानं चहा केला, तो निवून गेला. पण अनुपमा, उतरताना गुडघा दुखला नाय बघ. मी टोकावर थांबून खाली नदीपर्यंत बघून घेतलं.

आता सरांना सांग. चंद्रभागा असं नाव घाल, वाडी घाल. नवऱ्याचं नाव महिपती, ते मी तुला सांगते, मी लेक हाय, मला चालतं. पण यादीत छापू नको. आईनं एवढ्या मोठ्या माणसाला नाय सांगितलं, आपण कशाला सांगायचं? ती जागा मोकळी ठेव. म्हशी दहाच लिही. आणि त्याच्या खाली लिही, मुलगी एक.

ते पान मला दाखवायला नेशील ना? हात नाय लावणार, नुसतं बघेन. तुला खूप खूप आशीर्वाद.

तुझी आई,
मैनी