चार प्रोसेसर आणि बांधावरच्या बायका

१ जुलै १९८८, सकाळी ७
खालापूरच्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. मोठमोठी गणितं करायला. पुतणी गोदा तिथेच नोकरीला. तिच्या साहेबाने माझ्या एकतीस वर्षांच्या पावसाच्या वह्या मागवल्या. म्हणजे निवड मीच करायची. गोदा म्हणते, "तात्या, नुसती चाचणी हाय." पोरीला घरच्या माणसाची किंमत नाही.

संकल्प : चार प्रोसेसरवालाच घ्यायचा. एका बैलाला जड ते चौघांना फूल. मग नदी कधी चढणार ते माझं गणित आठ दिवस आधी सांगेल. आमच्या कडाव गावात मला 'भिजकं पंचांग' म्हणतात. सगळ्यांची तोंडं बंद.

३ जुलै
कारखान्यात दोन मशिनं आलीत. एकात एकच प्रोसेसर, पण चपळ. दुसऱ्यात चार, जरा सुस्त. साहेबाला बैलांचं सांगितलं. हसला. पटलं असणार. विकणारा पोरगा मला "आजोबा, वायरला हात नको" म्हणाला. डोकं फिरलं.

५ जुलै, दुपार
शेतात लावणी. चार बायका बांधावर पाय सोडून पान चघळतायत! खेकसलो. त्यातली पुतळाबाई उलट मलाच, "आवणातली रोपं उपटणारी तुमची बायको एकटी. रोपाची मूठ हातात आल्याबिगर लावू काय? तुमची मिशी?" आमची मंडळीही रोपं उपटता उपटता हसली. मी आवण उपटायला बसलो नाही. डोक्याचं काम कोण करणार?

७ जुलै
एकवाल्याने माझं गणित सव्वा तासात उरकलं. चारवाल्याला अडीच तास! शुद्ध लबाडी. तिघे झोपले असणार. गोदा म्हणते, "बसूनच होते, तात्या. कालचं पाणी कळल्याबिगर आजचं निघत नाय, असंच गणित हाय तुमचं. एक राबतो, तिघं वाट बघतात." म्हटलं, कामचोरांची वकिली करू नकोस. चहा न घेता आलो. बिस्किटं खिशात होती.

९ जुलै
साहेबाने एकवालाच घेतला. मंजुरीच्या कागदाला पुरावा कुठला? माझंच गणित! वह्या परत आल्या. वर चिठ्ठी : चाचणीस उपयोगी, आभार. नदीचं कोणी विचारलंसुद्धा नाही.

१० जुलै
पुतळाबाईने विचारलं, "कंचं मशीन घेतलं, तात्या?" मंडळीशेजारी चिखलात बसून आवण उपटलं. कंबर गेली.
दुपारपर्यंत बांधावर एकही बाई बसलेली दिसली नाही.