तळटीपा आणि इस्त्रीचं एप्रन

४ जून

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

नवी नोकरी मानवली का? अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणारं आमचं वाचनघर तुला आठवत असेल. लहानपणी तिथे माईकसमोर शिंकून तू माझं अख्खं प्रकरण वाया घालवलं होतंस. तिथे आता पगारी मॅनेजरबाई आल्यात. वयाने तुझ्याएवढ्या, पण नाकावर माशी बसू देत नाहीत.

त्यांचं फर्मान असं, की प्रत्येकीने आवाजाची चाचणी द्यायची. मीसुद्धा! अठरा वर्षं मी हौसेने, बिनपगारी वाचते. निम्म्या जणींना मीच तयार केलं. खोकला कसा गिळायचा, तळटीपा गाळून पुस्तक सलग कसं वाहतं ठेवायचं, सगळं शिकवलं. शिवाय प्रकरण संपलं की मी पदरचं एक वाक्य घालते, आता जरा पाय मोकळे करून या म्हणून. तेही बाईंनी कापलं. पुस्तकात नाही ते वाचायचं नाही म्हणे.

राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. तुझे काका गेल्यापासून त्या खोलीत गेल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही, तरीही ठेवलाय. तूही आता स्वयंसेवक सांभाळणारी मॅनेजर, त्यांच्याच धंद्यातली, तर खरं सांग, हे बरोबर आहे का? मला गोड लागेल असं लिहू नकोस.

तुझी (तुझ्यावर न रागावलेली) मावशी

११ जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी हसू आलं, मग येईना.

रुग्णांना चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या वापरायला देणारं आमचं केंद्र. तिथे एक निवृत्त फिटर स्वयंसेवक म्हणून खुर्च्या दुरुस्त करायचे. खिशात कायम पाना, म्हणून सगळ्यांचे पानाकाका. हात अगदी सोन्याचा, पण कुठली खुर्ची कधी तपासली याची एक ओळ कुठे लिहिलेली नाही. मागच्या महिन्यात एका आजींच्या खुर्चीचा ब्रेक उतारावर सुटला. शेजाऱ्याने धरलं म्हणून निभावलं. ती खुर्ची शेवटी कुणी पाहिली, हे कुणालाच सांगता येईना.

मी काकांना सेवा थांबवल्याचं छापील पत्र पाठवलं, शिक्क्यासकट. समोर जायची हिंमत नव्हती, कारणही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्या आणि एप्रन आणून दिलं. एप्रन धुऊन इस्त्री केलेलं होतं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि मी तो खण उघडत नाही.

तेव्हा मी काय न्याय सांगणार? पण एकदा बाईंना विचार की चाचणी कशासाठी. आम्ही मंडळी कारण सांगायला विसरतो, किंवा भितो.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी भिंगरी

२५ जून

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

विचारलं. बाई आधी टाळत होत्या, मग त्यांनी सांगितलं. वकिलीच्या परीक्षेला बसलेल्या एका अंध मुलीने माझ्या आवाजातलं कायद्याचं पुस्तक ऐकून अभ्यास केला. दोन मोठे प्रश्न तळटीपांतले आले. पुस्तकात तळटीपा आहेत हेच तिला माहीत नव्हतं. पेपर गेला, वर्ष गेलं. बाईंनी संस्थेच्या नावाने माफी मागितली, कुणी काही गाळत नाही ना हे पाहायला चाचणी सगळ्यांनाच लावली आणि आवाज कुणाचा हे कुणालाही कळू दिलं नाही. मला कळलं तर मी परत माईकसमोर बसणार नाही, आणि मी बसायला हवी आहे, असं त्या म्हणाल्या.

भिंगरी, मला रडू आलं. मीच गाळल्या, आणि दुसऱ्यांनाही गाळायला शिकवल्या, का तर लय तुटते.

राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर मी पुस्तकांची यादी केली. एकेचाळीस पुस्तकांच्या तळटीपा वाचायच्यात. चाचणीत पहिल्या खेपेला नापास झाले. श्वास फार मोठा घेते म्हणे. दुसऱ्यांदा पास.

त्या मुलीला फोन करून माफी मागितली. तिने उलट तक्रार केली, की नव्या रेकॉर्डिंगमध्ये पाय मोकळे करायला कुणी सांगत नाही, ती तासन्‌तास बसून राहते. बाईंनी माझं वाक्य परत घातलं, पण प्रकरण संपल्याची घंटा वाजल्यावर, म्हणजे पुस्तकातलं कुठलं आणि माझ्या पदरचं कुठलं ते कळावं. हट्टी आहेत, पण बरोबर आहेत.

आता तुझं. खण उघड. पानाकाकांकडे स्वतः जा, पुन्हा पत्र पाठवू नकोस.

इथे सगळं ठीक, तुझी वाट पाहणं सोडून.

मावशी

२ जुलै

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

एप्रन घेऊन गेले. घरातली एकही बिजागरी आता कुरकुरत नाही, दुरुस्तीला काही उरलं नाही, असं काकू दारातच म्हणाल्या. मी माफी मागितली आणि ब्रेकचंही सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. आजींना लागलं तर नाही ना, हेच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. नोंदींचा विषय काढला तर म्हणाले, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शेवटी ठरलं, ते केंद्रात परत येतील, रोज पाच वाजता ते सांगतील आणि मी लिहीन.

निघताना त्यांनी माझं ते छापील पत्र परत दिलं. त्यात मी त्यांच्या सेवेची वर्षं अकरा लिहिली होती. त्यांनी पेन्सिलीने खोडून चौदा केली होती. बाकी एका शब्दाला हात लावला नव्हता. म्हणाले, नोंद बरोबर असावी.

तुझ्या मायेची नोंद मात्र न लिहिता ठेवणारी,

भिंगरी