आई गुपचूप गेली

भिलाई, सेक्टर चार
डिसेंबर १९६४

प्रिय रुक्मा,

तुला तार उशिरा मिळाली आणि आता तू तेराव्यालाच येणार, हे तुझ्या गावाहून आलेल्या चंपतने सांगितलं. तू पोचेपर्यंत आईला ठेवता आलं नाही. रागावू नकोस. फार त्रास झाला नाही तिला. दुपारी जेवली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

तू विचारशील, शेवटी कोणाशी काय बोलली? कोणाशी बोलणार गं? कांताच्या इंग्रजी शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, घरीही इंग्रजीच बोला. माझं आणि सिंधूचं इंग्रजी ते केवढं! कम, ईट, स्लीप. एवढ्यावर आमचा संसार आला. आई नातीला जवळ घेऊन गावाकडचं काही सांगू लागली, की पोरगी बाईंच्या धाकाने उठून जायची. मग आईने अंगणात कोंबड्या पाळल्या आणि दिवसभर त्यांच्याशीच बोलत बसायची. शेजारचे ओमप्रकाशजी चिडवायचे, मांजी, आपकी मुर्गियाँ तो मराठी सीख गईं. आई हसायची. एकदा मात्र मला म्हणाली, "तेजराम, मले गावाले नेऊन घाल बाप्पा. इथं माह्यासंगं बोलाले कोनी नाही." मी म्हटलं, कांताची परीक्षा झाली की नेतो.

पोरीला इंग्रजी शिकवतो याचा मला पस्तावा नाही. प्लांटमध्ये साहेब लोक आपसात इंग्रजीत बोलतात आणि आम्ही भट्टीपाशी नुसती मान हलवतो. कांताने ते करू नये.

पण आई गेली तेव्हा सिंधूने आपल्याकडे रडतात तसं, आईचे एकेक गुण सांगत, मोठ्याने रडायला सुरुवात केली. दारात पंजाबी, बंगाली, मल्याळी शेजारणी उभ्या. कांता धावत आली आणि तिने सिंधूच्या तोंडावर हात ठेवला, "मम्मी, प्लीज, सब देख रहे हैं." सिंधू गप्प झाली. सगळं घरच गप्प झालं. आपल्या गावात कुठल्याही म्हातारीला असं पाठवलं नसतं, रुक्मा. फार वाईट वाटलं.

म्हणून हे लिहितोय. तू येशील तेव्हा सडकेच्या कोपऱ्यापासूनच रडत ये. आईने आपल्यासाठी काय काय केलं, ते सगळं आपल्या बोलीत सांगत ये. कांता तुझ्याही तोंडावर हात ठेवायला येईल. तिला कुशीत घे, पण थांबू नकोस. आजी कोण होती ते तिला ऐकू दे. आणि मी अजून रडलो नाही गं. तू सुरू केलंस, की मलाही रडता येईल.

तुझाच दादा,
तेजराम